शेठची दुनळी आणि चाचांचा हात

चाचा माणसाचं तोंड पाहत नसत, खांदा पाहत. दुकानाच्या पायरीवर कुणी उभं राहिलं की त्यांची नजर आधी मानेवर, मग डाव्या-उजव्या खांद्यावर, मग हाताच्या लांबीवर जायची, आणि सगळ्यात शेवटी, आठवण राहिलीच तर, चेहऱ्यावर. मी त्यांच्या शेजारी टेबल मांडलं त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा चळलेला दिसतो. मी बाईमाणूस आणि हा टक लावून बघतोय. भांडायला उठणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुमची खुर्ची बुटकी आहे. उजवा खांदा उचलून टाइप करून राह्यल्या तुम्ही. दोन वर्सांत मान धरीन." आणि आतून लाकडाचे चार ठोकळे आणून खुर्चीच्या पायांखाली सरकवले. भांडण तोंडातच राहिलं आणि मी मुकाट्यानं खाली बसले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव मुद्दाम घालत नाही, कारण ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांची मुलं-नातवंडं अजून तिथंच राहतात, आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. तहसीलच्या भिंतीला लागून मी टाइपरायटर घेऊन बसत असे. अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. उत्पन्नाचा दाखला, सातबाऱ्यातली चूक, निराधार बाईचं अनुदान आणि बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण. माझे वडील धम्मदीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. ज्याला लिहिता येतं त्यानं दुसऱ्याचं काम कागदापायी अडू देऊ नये, असं ते सांगायचे. ते डोक्यात घेऊनच मी बसले होते, आणि त्याच डोक्यानं पुढं केवढा घोळ घातला ते सांगतेच.

माझ्यापासून चार पावलांवर चाचांचं दुकान. पत्र्याची पाटी: बंदूक दुरुस्ती, परवानाधारक. त्यांच्या वडिलांच्या काळी शिकारीचे शौकीन यायचे. शिकार बंद झाली, शौकीन गेले आणि राहिले ते शेतकरी. आमच्याकडे रानडुकरांचा आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, उच्छाद असा की उभं वावर चार तासांत आडवं होतं. म्हणून पीक राखायला सरकार एकनळी बंदुकीचा परवाना देतं. ती बंदूक मारायला कमी आणि आवाज करायला जास्त. परवान्याचा कागद माझ्याकडे व्हायचा आणि बंदूक ठीक असल्याची चिठ्ठी चाचांकडे, त्यामुळं आमची गिऱ्हाइकं एकच होती.

आता कुणी म्हणेल, कारखान्यातून निघालेल्या एकनळीत कसली आली कारागिरी? मलाही तसंच वाटायचं. लिंबाजी नावाचा तांड्यावरचा शेतकरी होता. त्याची बंदूक खांद्याला लाथ मारायची आणि नेम डावीकडे जायचा. चाचांनी सुतळीनं त्याचं माप घेतलं, मग विचारलं, मचाणावर काय पांघरून बसतो? तो म्हणाला, घोंगडी. चाचा म्हणाले, मग घोंगडी घेऊन ये. भर वैशाखात तो तांड्यावर सायकलनं परत गेला, घोंगडी घेऊन आला आणि तहसीलसमोर ती अंगावर घेऊन, बंदूक खांद्याला लावून उभा राहिला. सगळी कचेरी खिडकीत येऊन हसत होती. लिंबाजी त्याच्या बोलीत चाचांना काय काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण चांगलं काही नव्हतं. चाचांनी शांतपणे घोंगडीवरून दुसरं माप घेतलं आणि लाकडी दस्ता बोटभर आखूड केला. त्यांचं म्हणणं, पीक राखतात हिवाळ्यात आणि बंदूक जोखतात उन्हाळ्याच्या सदऱ्यावर, मग नेम चुकला की दोष बंदुकीला.

लोखंड आणि लाकूड जुळवायची त्यांची रीत मी रोज बघत असे. रॉकेलची चिमणी पेटवायची, लोखंडी भागाला तिची काजळी धरायची आणि तो लाकडाच्या खाचेत दाबून बसवायचा. बाहेर काढला की जिथं जास्त टेकतो तिथं लाकडावर काळा डाग. तेवढाच डाग खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा डाग. असं पन्नास-साठ वेळा, सगळी खाच सारखी काळी होईपर्यंत. स्प्रिंग मोडली तर ते बाजारातून आणत नसत, पोलादाच्या पट्टीतून स्वतः करत. आणि या सगळ्याचे घ्यायचे किती? तीस रुपये. फार झालं तर चाळीस. मी डोकं आपटून घ्यायची. ते म्हणायचे, ज्याच्या कापसाला भाव नाही त्याच्याकडून मी कोणत्या तोंडानं भाव मागू.

ती वर्षं कापसाची वाईट होती. फवारून फवारून माणसं थकली तरी बोंडात अळीच निघायची, आणि निघाला तेवढा कापूस विकायला आणला की त्याला मोल नाही. मोटारी भरून पुढारी यायचे, फोटो काढून जायचे. आमच्या गावात जिनिंगचे मालक होते, त्यांना सगळे जिनवाले शेठ म्हणत. त्यांना मी स्वतः पाहिलंय: भरलेल्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर कापूस काढायचा, वास घेतल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, कवडी आहे. म्हणजे डागी, किडका. ओला आहे, कचरा आहे, भावात एवढी कट लागेल. बंडीवाला चार कोसांवरून आलेला. परत नेणार कुठं? शेजारच्या नेरला न्यावा तर तिथंही तेच, आणि वर बैलांचे हाल. बंडीवाला मान खाली घालायचा आणि कापूस तिथंच उतरायचा.

याच शेठनी त्याच वर्षी विलायती दुनळी बंदूक घेतली. जुन्या कुठल्या संस्थानिकाच्या घरातून निघालेली, संपूर्ण हातानं घडवलेली. किंमत सव्वाचार लाख. शेठ स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होते, म्हणून आकडा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. चामड्याची पेटी घेऊन ते जीपनं चाचांकडे आले. बरोबर चार-पाच हांजीहांजी करणारे. शेठना चाचांच्या तोंडून, चारचौघांत, बंदुकीची तारीफ ऐकायची होती.

चाचांनी दोनदा साबणानं हात धुतले. धुतलेलं धोतर अंथरलं, त्यावर दुनळी ठेवली आणि तीन तास तिचा भाग न् भाग तपासला. मी माझी गिऱ्हाइकं सोडून दारात उभी. मला वाटलं, चाचा आता शेठची मस्ती चांगली उतरवतील. म्हणतील, शेठ, फसवलं तुम्हाला, एवढ्या पैशात गावाला पाण्याची टाकी झाली असती. चाचांनी मान वर केली आणि म्हणाले, "किंमत वाजवी आहे. कमीच आहे म्हणा." शेठचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. पुढं चाचा आणखी काही म्हणाले, ते मात्र शेठनी ऐकलं नाही. ते म्हणाले, ही बंदूक एका माणसाच्या मापाची केली आहे. त्याचा हात लांब होता आणि मान सरळ होती. तुम्ही दुसऱ्याचा कोट विकत घेतला, शेठ.

शेठ गेल्यावर मी चाचांवर तुटून पडले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, ज्यांच्याकडे तुम्ही तीस रुपयांच्या वर मागत नाही त्या लोकांच्या घामाची ही बंदूक आहे, आणि तुम्ही तिला वाजवी म्हणता? लाज वाटली नाही? चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मालकाला दाखवलं नाही ते तुम्हाला सांगतो. कंपनीचं नाव वर सोन्यात कोरलेलं आहे. पण आत, जिथं मालकाची नजर जन्मात जाणार नाही, तिथं दोन बारीक अक्षरं ठोकली आहेत. ज्यानं काम केलं त्याची.

"बाई, त्या माणसानं तिच्यावर वरीसभर कानस चालवली असंन. आता एका माणसाच्या एका वर्साची किंमत तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, कापूसवाल्यानंही वर्षभरच राबून कापूस आणला होता. त्याला शेठनी कवडी म्हटलं.

"मंग मी कुठं नाही म्हणतो? त्याचीबी तेवढीच किंमत आहे. त्याले नाही भेटली, हे वाईट. ह्याले भेटली, हे वाईट कसं?"

मी पाय आपटत माझ्या टेबलावर परत गेले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खरं म्हणजे त्या विलायती कारागिराला तरी पूर्ण मिळाले की नाही कुणास ठाऊक, पण चाचांना त्याच्या बाजूनं भांडायची हौस. जणू तो यांचा मावसभाऊ.

शेठ ती दुनळी घेऊन मोठ्या शहरातल्या कुठल्याशा क्लबात निशाणबाजीला गेले आणि एकही निशाण लागलं नाही. दुसऱ्याच्या कोटाच्या बाह्या हातावर आल्या, दुसरं काय होणार? त्याच सुमाराला निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. शेतकऱ्यांनी केल्या. ज्या खोलीत ठेवल्या तिचं छत गळकं. पावसाळाभर त्या ढिगानं ओलीत पडल्या. शेठची दुनळी मात्र कुणाच्या तरी मेहरबानीनं घरीच राहिली. निकाल लागल्यावर बंदुका परत मिळाल्या तेव्हा नळ्या तांबड्या, घोडे जाम, दस्ते फुगलेले. आणि वावरात ज्वारी हुरड्यावर आलेली, डुकरांना तिचा वास लागलेला. एका आठवड्यात पन्नासच्या वर माणसं बंदुका घेऊन चाचांच्या पायरीवर आली. कुणी माफी मागितली नाही, कुणी भरपाई दिली नाही, आणि भरपाईसाठी मी केलेले चार अर्ज कुठल्या फायलीत मेले ते मला आजपर्यंत कळलं नाही.

चाचा पहाटे फजरच्या नमाजनंतर बसायचे ते सूर्य मावळता मगरिबपर्यंत. आलेल्या क्रमानं बंदुका भिंतीला टेकवलेल्या. त्यात शेठची जीप आली. दस्ता माझ्या मापाचा वाकवून दे, चार दिवसांत दे, पुढच्या आठवड्यात पुन्हा क्लबात जायचंय. चाचांनी समजावलं की जवसाच्या गरम तेलात भिजवलेल्या चिंध्या बांधून लाकूड मऊ करावं लागतं, रोज सुताएवढंच वाकवावं लागतं, आठ दिवस लागतात. घाई केली तर तडकतं. आणि भिंतीला लागलेल्या या बंदुका झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. शेठ म्हणाले, यांच्या बंदुका राहू दे, तू पैसे सांग.

चाचा म्हणाले, ज्यानं घडवली त्याच्या हाताला जो भाव दिला, त्याच भावानं द्या. एका वर्षाचे सव्वाचार लाख, तर आठ दिवसांचे तुम्हीच काढा.

मी मनात हिशोब केला. नऊ हजारांच्या वर जात होते. शेठ आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की म्हातारा थट्टा करत नाही. मेलेल्या माणसाच्या हाताला सव्वाचार लाख देऊन वर गावभर मिरवणारा हा गृहस्थ, समोर जिवंत बसलेल्या हाताला तीनशे देतो म्हणाला. आणि उपकार केल्यासारखं म्हणाला, "चाचा, तो विलायती कारागीर. तू तीस रुपयेवाला मिस्त्री."

चाचांनी दुनळी पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि त्यांच्या हातात दिली. "मंग त्यालेच बोलवा, शेठ."

पायरीवरची माणसं हसली. ते हसणं शेठना झोंबलं, आणि तिथंच चाचांचं नशीब फिरलं. त्यांच्या दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण नेमकं तेव्हाच वर गेलं होतं. दर तीन वर्षांनी आपोआप होणारी गोष्ट. या खेपेला चौकशी लागली. तक्रार कुणी केली ते कागदावर नव्हतं, कागदावर असतं तर मी त्याची टाइप केलेली प्रत आज इथं छापली असती. माणसं आली, खण उपसले, हातानं केलेल्या स्प्रिंगा, पिना आणि अर्धा कोरलेला एक दस्ता जप्त केला आणि दुकानाला सील ठोकलं. आत एकोणीस बंदुका अडकल्या. लिंबाजीची त्यातच होती. तो मचाणावर तेलाचं डबडं बडवत बसू लागला, आणि डुकरं डबड्याला काय भितात?

आता माझी पाळी होती. मी तीन पानी अर्ज टाइप केला. गावोगावच्या लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. जिल्ह्याच्या या भागात दुसरा दुरुस्तीवाला नाही, पीक जातंय, माणूस निष्कलंक आहे, सगळं नीट, कलमांसकट लिहिलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण शेठचं ते 'तीस रुपयेवाला मिस्त्री' माझ्या कानात वाजत होतं, आणि शेवटी मी आणखी एक परिच्छेद घातला: "विलायती कारागिरानं घडवली तशी बंदूक अर्जदार स्वतःच्या हातानं घडवू शकतात, नव्हे, तिचे कित्येक भाग ते रोज घडवतात. त्यांच्या हाताची किंमत त्या हातापेक्षा एका पैशानंही कमी नाही."

बंदूक दुरुस्तीचा परवाना वेगळा आणि बंदूक घडवण्याचा वेगळा. बिनपरवाना घडवणं हा गुन्हा, तुरुंगात नेणारा. वीस वर्षं मी याच कागदांवर पोट भरत होते. दुसऱ्या कुणी असं वाक्य सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढून बाहेर घालवलं असतं. आणि मीच ते लिहिलं, माझ्या मशीनवर, डोळे उघडे ठेवून. अर्ज चाचांना वाचून दाखवला. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. शेवटचं परत वाचा म्हणाले. मी परत वाचलं. मग त्यांनी खाली सही केली, आणि मी खुशीत अर्ज दाखल केला.

पंधरा दिवसांनी कचेरीतल्या बाबूनं मला फाईल दाखवली. माझ्या परिच्छेदाखाली लाल रेघ, आणि बाजूला शेरा: अर्जदार बंदुकीचे भाग घडवत असल्याचे मान्य करतात. त्यावर नोटीस.  तशीच उठून चाचांना सांगायला गेले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, तुम्ही वाचून दाखवलं तेव्हाच मला समजलं होतं. मी ओरडलेच, की मग थांबवलं काहून नाही? ते खाली बघत म्हणाले, "चांगलं वाटून राह्यलं होतं, बाई."

गावातल्या एका वकिलांनी वाट काढली. परवान्याची फाईल ज्याच्याकडे होती तो साहेबही खरं तर वाईट माणूस नव्हता, त्याला फाईल बंद करायला एक कागद हवा होता. चाचांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं: मला बंदूक किंवा तिचा कोणताही भाग घडवता येत नाही, मी फक्त साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती करतो, जप्त केलेले भाग बाजारातून आणलेले आहेत, अर्जातला मजकूर टायपिंग करणाऱ्या बाईच्या चुकीनं आला. एवढी सही झाली की सील निघणार, परवाना मिळणार, एकोणीस बंदुका मोकळ्या. मी ते स्वतः टाइप केलं. माझी चूक मी आनंदानं चार वेळा लिहून दिली असती.

वकिलांच्या ओसरीवर आम्ही चौघं होतो. वकील, मी, चाचा आणि लिंबाजी. मी वाचलं. चाचांनी पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. म्हणाले, घडवत नाही असं लिहा, करतो सही, कायद्यानं मनाई आहे. बाईची चूक झाली हेही लिहा. पण 'येत नाही' हे काढा. वकील म्हणाले, तेच तर मुख्य आहे. येत असेल तर खणातल्या स्प्रिंगा तुमच्याच ठरतात.

"मंग माह्याच आहेत," चाचा म्हणाले. "येते मले. बापानं शिकवलं, चाळीस वर्स केलं. येत नाही म्हणून सही देऊ? हे एवढं पहिल्यांदा कोणी कागदावर लिहिलं."

लिंबाजीनं त्यांचे पाय धरले. ज्वारी गेली, निदान तूर वाचू द्या, सही करा म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते आहे, आणि मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला चाचांचा शेठपेक्षा जास्त राग आला. एका शब्दासाठी हा माणूस स्वतःचं पोट आणि एकोणीस जणांचं पीक पणाला लावतोय. मी म्हटलं, चाचा, हा अहंकार आहे. ते म्हणाले, असंन. लिंबाजीला त्यांनी उठवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्या बंदुका तुमच्या तुम्हाला मिळतील, मी साहेबांना बोललोय, मला माफ कर. आणि ते चालू लागले. मी घरी येऊन त्या पहिल्या अर्जाची कार्बन कॉपी काढली आणि टराटरा फाडून चुलीत घातली.

परवाना रद्द झाला. खटला तेवढा साहेबानं होऊ दिला नाही. बंदुका ठाण्यामार्फत परत मिळाल्या, गंजक्या होत्या तशाच. लिंबाजीनं पुढं आपली बंदूक विकून टाकली आणि त्या वावरात डुकरं खात नाहीत असलं काही पेरू लागला. चाचांची मुलगी यवतमाळला लोहाऱ्याला राहायची, जावई तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला. ते चाचांना न्यायला आले. मी बसस्टँडवर गेले. खरं सांगायचं तर जायचं नव्हतं, भांडण मिटलं नव्हतं आमचं.

चाचा माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, ठोकळे काढू नका. मग थोडं अवघडून म्हणाले, त्या अर्जाची एक नक्कल तुमच्याजवळ असंन ना, ती द्या मले. जावई वाचून दाखवीन.

 मी सांगून टाकलं, फाडली मी. रागात फाडली. आणि रडायलाच लागले, भर स्टँडवर. म्हटलं, बसला अर्धा तास आहे, मला ते पाठ आहे, आत्ता टाइप करून आणते.

"राहू द्या, बाई. ते रागात लिहिलं होतं तुम्ही, म्हणून तसं उतरलं. आता रडून लिहाल."

बस गेली. लोहाऱ्याला त्यांना एका शेडवर रखवालीला बसवलं. हातात काठी. तिथं कुणी त्यांना विचारलं नाही की चाचा, तुम्हाला काय येतं. दुसऱ्या वर्षी ते गेले, आणि मला ते महिन्यानं कळलं. शेठची दुनळी पुढं त्यांच्या मुलानं विकली, म्हणे दुप्पट किमतीला. घेणाऱ्यानं ती कुणाकडून तपासून घेतली असेल आणि त्यानंही किंमत वाजवी आहे असंच सांगितलं असेल. असेलही वाजवी, चाचांनी सांगितलं होतं ते मी मानते. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की मग तीस रुपये कसे वाजवी होते. कुणी उत्तर देत नाही.

त्या अर्जातला परिच्छेद मी वर दिलाय, अक्षर न् अक्षर तसाच. तो देता यावा म्हणून एवढं सगळं लिहिलं. याआधी पाचसहा वेळा लिहायला बसले आणि दर वेळी डोळे भरून आले, म्हणून कागद काढून टाकला. रडू संपून नुसता राग उरायला मला इतकी वर्षं लागली, चाचा.